सकाळी सहाला लावलेलं दुपारी बाराला कुठे असतं?

जुळे सोलापूरहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका गावात शाळेवर आहेत. पत्र मोठं आहे, त्यातला गरजेचा भाग इथे देते.

"दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग आलेत. रोज स्कूटीवरून जाणं-येणं. सध्या सकाळची शाळा आहे, त्यामुळे सव्वासहाला सनस्क्रीन लावून, स्कार्फ बांधून निघते आणि पावणेबाराला शाळेतून निघून साडेबारापर्यंत घरी पोचते. आधी एक जेल वापरत होते. परतताना घाम डोळ्यांत उतरला की असे डोळे चुरचुरायचे की स्कूटी बाजूला घ्यावी लागायची. जाऊबाई म्हणाल्या, ते केमिकल असतंय, रक्तात उतरतंय म्हणे, तू फिजिकल घे. घेतलं. पहिल्याच दिवशी दुसरीतला एक मुलगा म्हणाला, बाई, तुमच्या तोंडाला पीठ लागलंय. त्या दिवसापासून दोन्ही ट्यूब कपाटात आहेत. सासूबाई म्हणतात, पदर घे, क्रीमं कशाला? मिस्टरांचं म्हणणं, सगळ्या घराला मिळून एकच ट्यूब आण. मुलगी तेरा वर्षांची आहे, खो-खो खेळते. तिच्या आत्यानं 'रापून काळी पडशील' म्हटल्यापासून सरावाला जायला कां-कूं करते. डॉक्टर, फिजिकल घेऊ की केमिकल? आणि पोरीला काय लावू?"

ताई,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या चेहऱ्यासाठी झिंक ऑक्साइड असलेलं आणि त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. फिजिकल प्रकारातलंच, पण पीठ फासल्यासारखं न दिसणारं. तुमच्या लेकीला आणि यजमानांना केमिकल प्रकारातलं हलकं जेल चालेल, निर्धास्तपणे चालेल. मात्र तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती ट्यूब नाही. खटकली ती वेळ.

सव्वासहा. मार्च-एप्रिलमध्ये सव्वासहाला आपल्याकडे सूर्य जेमतेम उगवत असतो. सात-साडेसातपर्यंतच्या उन्हात त्वचेला त्रास देणारे अतिनील किरण अगदी थोडे असतात. तुम्ही शाळेत पोचता, स्कार्फ सोडता, त्याबरोबर गालावरचं थोडं निघून जातं. मग चार-साडेचार तास वर्गात. पंखा असला-नसला तरी घाम येतोच, खडूच्या हातानं कपाळ पुसलं जातं, मधल्या सुट्टीत तोंडावर पाणी मारलं जातं. आणि पावणेबाराला तुम्ही स्कूटीला किल्ली लावता तेव्हा चेहऱ्यावर सकाळच्या क्रीमचा मागमूसही उरलेला नसतो. सोलापूर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला आहे, म्हणून आपला सूर्य घड्याळात बारा वाजता माथ्यावर येत नाही, साधारण साडेबाराच्या आसपास येतो. म्हणजे तुमचा परतीचा पाऊण तास हा दिवसातला सगळ्यात कडक पाऊण तास आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, उभ्या काठीची सावली पायाखाली नाहीशी होते. जगातलं सगळ्यात महागडं सनस्क्रीन सव्वासहाला लावलंत तरी त्या पाऊण तासाला त्याचा उपयोग नाही.

तेव्हा पहिला बदल हा करा: ट्यूब शाळेच्या पिशवीत ठेवा आणि साडेअकराला, निघण्याआधी पंधरा मिनिटं, स्टाफरूममध्ये बसून लावा. सकाळी लावायचं ते लावाच, पण एकदाच लावणं होणार असेल तर साडेअकराचं लावा. आणि ट्यूब पिशवीतच ठेवा, स्कूटीच्या डिकीत नको. एप्रिलमध्ये दुपारी डिकी उघडून आत हात घालून बघा. तशा भट्टीत क्रीम फुटतं, पाणी वेगळं, तेल वेगळं होतं, आणि तसं फुटलेलं क्रीम त्वचेवर सारखं पसरत नाही.

आता फिजिकल आणि केमिकलचं बघू. इथे मला एक कबुली द्यायची आहे. कितीतरी वर्षं मी स्वतः पेशंटना सांगत आले की फिजिकल म्हणजे आरसा, ऊन परतवून लावतो, आणि केमिकल म्हणजे स्पंज, ऊन शोषून घेतो. आम्हाला शिकवलंही तसंच होतं. पुढे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचं नीट मोजमाप झालं, तेव्हा दिसलं की आपल्याला जाळणाऱ्या अतिनील किरणांपैकी जेमतेम चार-पाच टक्केच ही दोन्ही परतवतात. बाकीचं काम शोषूनच होतं, केमिकलसारखंच. दोघांच्या कामाची रीत जवळपास एक आहे. फरक आहे तो पदार्थाच्या जातीत: झिंक आणि टायटॅनियम ही खनिजांची बारीक भुकटी, ती त्वचेवर थर देऊन बसते, केमिकलमधले अव्होबेंझोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन हे क्रीममध्ये विरघळलेले रेणू. म्हणून एक जाड आणि पांढरं, दुसरं पातळ आणि पारदर्शक. "फिजिकल नैसर्गिक, केमिकल विषारी" ही वाटणी मला मान्य नाही. झिंक ऑक्साइडसुद्धा कारखान्यातच तयार होतं, आणि त्यात काही वाईट नाही. घामोळ्यांना लावतो त्या गुलाबी कॅलामाइनमध्येही मुख्यतः तेच असतं. (म्हणून कॅलामाइन सनस्क्रीन म्हणून लावू नका. उन्हासाठी ते बनवलेलंही नाही, मोजलेलंही नाही.)

जाऊबाईंची भीती मात्र हवेतली नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी माणसांच्या अंगावर केमिकल सनस्क्रीन लावून रक्त तपासलं, आणि त्या घटकांचे अंश रक्तात सापडले. हे खरं आहे. पण लावलं कसं, तेही ऐका. अंगाचा पाऊण भाग माखून, पहिल्या प्रयोगात तर दिवसातून चार वेळा, सलग चार दिवस. तुम्ही लावता तो चेहरा आणि मान, म्हणजे अंगाचा अगदी लहानसा भाग. दुसरं असं की रक्तातली जी पातळी ओलांडली गेली, ती "याच्यापुढे विष" अशी रेषा नव्हती. "याच्यापुढे गेलं तर आणखी चाचण्या करून दाखवा" अशी ती रेषा आहे. त्याच प्रशासनानं २०१९ मध्ये झिंक आणि टायटॅनियम सुरक्षित मानावेत असा प्रस्ताव मांडला, दुसऱ्या बारा घटकांबद्दल आणखी माहिती मागितली, आणि लोकांना सनस्क्रीन लावणं थांबवू नका असंही सांगितलं. माहिती मागणं म्हणजे दोषी ठरवणं नव्हे.

यातून मी माझ्यापुरता काढलेला मार्ग असा. ऑक्सिबेंझोन हा घटक मी टाळते. त्याची अ‍ॅलर्जी येणारी माणसं बाकीच्या घटकांपेक्षा जास्त, तो रक्तातही जास्त उतरतो, आणि इतके दुसरे पर्याय हाताशी असताना त्याचा हट्ट कशाला धरायचा? गरोदर बाईला आणि लहान मुलांना मी झिंकचंच सांगते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलंच सनस्क्रीन लावायचं नाही, त्याला सावली आणि टोपडं. बाकी धडधाकट माणसानं चांगलं केमिकल सनस्क्रीन लावायला मी कधीच हरकत घेतलेली नाही.

तुमचे डोळे चुरचुरायचे, त्याचं कारण सरळ आहे. अव्होबेंझोनसारखे विरघळलेले घटक घामाबरोबर वाहतात आणि पापणीतून आत शिरतात. त्यातून चालत्या स्कूटीवर, समोरून झळा येत असताना! तुम्ही गाडी बाजूला घेत होतात हे फार शहाणपणाचं केलंत. झिंक ऑक्साइड डोळ्यांना इतकं झोंबत नाही. म्हणून ज्यांना बाकी चेहऱ्याला जेलच आवडतं त्यांनासुद्धा मी सांगते की कपाळ आणि डोळ्यांभोवती झिंकचं लावा, गालांना जेल. दोन्ही एका चेहऱ्यावर चालतात, भांडत नाहीत. फक्त तळहातावर एकत्र कालवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, वांग. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या शेकडो जणी वर्षानुवर्षं सनस्क्रीन लावूनही "डाग जात नाहीत" म्हणत येतात, आणि त्यांची चूक नसते.

उन्हात दोन प्रकारचे अतिनील किरण आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी जाळतो, त्वचा लाल करतो. एसपीएफचा आकडा मुख्यतः त्याच्याबद्दलचा आहे. यूव्हीए खोलवर जातो, काचेतूनही येतो. माझ्याकडे येणाऱ्या ट्रक आणि एसटीच्या ड्रायव्हरांचा खिडकीकडचा उजवा गाल आणि उजवा हात डाव्यापेक्षा रापलेला दिसतो, खिडकीची काच वर असली तरी. यूव्हीएचं संरक्षण ट्यूबवर पीए आणि त्यापुढच्या अधिकच्या चिन्हांनी लिहितात. चार चिन्हं म्हणजे सगळ्यात जास्त. वांगासाठी निदान तीन तरी हवीत. पण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला आणखी एक गोष्ट काळवंडवते, आणि ती म्हणजे साधा डोळ्यांना दिसणारा उजेड. उन्हातल्या दृश्य प्रकाशानं, विशेषतः त्यातल्या निळ्या-जांभळ्या भागानं, सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढतं आणि टिकून राहतं. गोऱ्यापान त्वचेत असं फारसं घडत नाही. आणि हा उजेड पारदर्शक जेलमधून जसाच्या तसा आत जातो. विचार करा, जे क्रीम लावल्यावर तुमची त्वचा आरपार दिसते, त्यातून उजेड आत गेला आहे म्हणूनच ती दिसते ना?

त्या उजेडाला अडवतं ते आयर्न ऑक्साइड, म्हणजे लोखंडाच्या गंजाच्या जातीचे लाल, पिवळे, काळे रंग. कॅलामाइनचा गुलाबीपणा यांचाच. टिंटेड सनस्क्रीनला जी गव्हाळ छटा येते ती यांच्यामुळे. म्हणजे ज्या रंगामुळे ते पिठासारखं दिसत नाही, तोच रंग तुमच्या वांगावर काम करतो. पेशंटच्या चेहऱ्यावर दोन्ही अडचणी एकदम सुटताना बघणं मला अजूनही फार आवडतं.

दुकानात ट्यूब उलटी करून घटकांची बारीक यादी वाचा. ऐन दुकानातच वाचा, संकोच करू नका. झिंक ऑक्साइड हवं. नुसतं टायटॅनियम असेल तर नको. ते यूव्हीबीला छान अडवतं, पण लांब पल्ल्याच्या यूव्हीएला कमी पडतं, आणि पांढरंही तेच जास्त दिसतं. यादीच्या शेवटाकडे "आयर्न ऑक्साइड्स" असे शब्द किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ यांपैकी आकडे दिसायला हवेत. ते नसतील तर झाकणावर "टिंटेड" लिहिलेलं असलं तरी ती तुमच्या कामाची नाही. छटा निवडताना हाताच्या पाठीवर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला, कानाखाली लावा आणि दुकानाबाहेर येऊन आरशात बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

एसपीएफ ३० की ५०? १५ चं सनस्क्रीन साधारण ९३ टक्के यूव्हीबी अडवतं, ३० चं ९७ आणि ५० चं ९८. म्हणजे ३० आणि ५० मध्ये तसा एका टक्क्याचा फरक. तरी मी आपल्या गावात ५० कडे झुकते, कारण आपण सगळेच कमी लावतो. हे आकडे प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतकं जाड लावलेलं असतं. मी पेशंटना म्हणते, ट्यूब घेऊन या आणि माझ्यासमोर लावा. बहुतेक जणी हरभऱ्याएवढा ठिपका काढतात आणि तो पार मानेपर्यंत ओढतात. मग मी त्यांच्या तर्जनीवर आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी पिळते. "एवढं?" असंच प्रत्येकीचं तोंड होतं. हो, चेहरा आणि मान मिळून एवढं. एका वेळी सगळं चोळलं तर गठ्ठे होतात, म्हणून आधी एका बोटावरचं लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बोटावरचं. चोळायचं नाही, ठिपके देऊन दाबत पसरायचं.

हे माप वजनात साधारण एक ग्रॅम भरतं. दिवसातून दोनदा म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपायला हवी. तुमची मागची ट्यूब किती महिने पुरली, आठवा. तीन महिने पुरली असेल तर फिजिकल होती की केमिकल हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही ती पुरेशी लावलीच नव्हती. मला माहीत आहे, महिन्याला एक ट्यूब हा खर्च शिक्षकाच्या घरातही डोळ्यांत भरतो. म्हणून एवढी महागाची टिंटेड ट्यूब फक्त चेहरा आणि मानेला वापरा. हातांना क्रीम नकोच, हातांना सनकोट घाला.

आणि इथे सासूबाईंचं म्हणणं येतं. त्या बरोबर आहेत. कापडासारखं सनस्क्रीन नाही: ते घामानं वाहत नाही, दोन तासांनी परत लावावं लागत नाही. तुमच्या मनगटावरचं घड्याळ काढून पट्ट्याखालची त्वचा बघा, कुठल्याही क्रीमनं इतकी राखली नसती. पण कापड कुठलं, ते महत्त्वाचं. जॉर्जेटचा किंवा शिफॉनचा झिरझिरीत स्कार्फ ट्यूबलाइटसमोर धरा आणि त्यामागे आपली बोटं बघा. बोटं मोजता आली तर ऊनही आत येतंय. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती स्कार्फ घ्या. घट्ट वीण म्हणजे काय हे सोलापूरकराला समजावून सांगायला नको, आपल्या चादरीवर हात फिरवला की कळतं. फक्त पदर किंवा स्कार्फ डोळ्यांभोवतीची, नाकाच्या शेंड्याची आणि गालाच्या वरच्या हाडाची जागा उघडी सोडतो, आणि वांग नेमका तिथेच जास्त असतो. म्हणून पदर हवा आणि क्रीमही हवं. सासूबाईंना माझ्या वतीनं सांगा.

स्कार्फची एक खोड आहे. क्रीम ओलं असताना बांधला तर अर्धं क्रीम तोच पिऊन टाकतो. स्कार्फ आतून उलटा करून बघा, गालाच्या जागी चंद्रकोरीसारखा डाग दिसेल. तो तुमच्या गालावर असायला हवा होता. साडेअकराला लावा म्हटलं ते यासाठीही. पंधरा मिनिटं बसू द्या, मग बांधा. आणि स्कार्फ रोज धुतलेला हवा, घामट कापड दिवसभर घासून वांग आणखी बळावतो.

"परत लावण्याआधी तोंड धुवा" असं सगळीकडे सांगतात. रोज नळाला पाणी न येणाऱ्या आपल्या गावात आणि गावातल्या शाळेत ते जमेलच असं नाही, आणि गरजही नाही. जुन्या मऊ पंच्याचा तुकडा ओला करून घाम टिपून घ्या, पुसू नका, आणि त्यावरच नवं लावा. रात्री मात्र साध्या सौम्य फेसवॉशनं नीट धुवा, कारण झिंकचा थर चिवट असतो. डाळीच्या पिठानं किंवा स्क्रबनं खसाखसा घासायचं नाही. वांग घासून जात नाही, घासल्यानं गडद होतो.

यजमानांच्या एका ट्यूबचं. नाही जमणार, आणि कारण त्यांच्याच तोंडावर आहे. दाढी-मिशीत झिंक अडकून पांढरं दिसतं, ते दोन दिवसांत सोडून देतील. त्यांना आणि लेकीला मिळून एक पातळ जेल आणा, तुमची ट्यूब वेगळी. जेलमध्ये शक्यतो नव्या जातीचे घटक असावेत. यादीत "ट्रायझिन" या अक्षरांनी संपणारं एक लांबलचक नाव दिसलं तर ते चांगलं, तो रेणू मोठा आहे, उन्हात टिकतो आणि त्वचेतून फारसा आत जात नाही. नुसतं अव्होबेंझोन उन्हात लवकर मोडतं, त्याच्या सोबतीला ऑक्टोक्रिलीनसारखा आधार लागतो. आणि कुठलीही नवी ट्यूब आली की आधी चार-पाच दिवस कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज-लाली नाही ना.

आता लेक. ताई, तिला ग्राउंडवरून घरी बसवू नका. रापणं हा रोग नाही. खेळणाऱ्या पोरीच्या रंगात ऊन उतरतं आणि सुट्टीत ते हळूहळू ओसरतंही. तिला सनस्क्रीन लावायचं ते त्वचा भाजू नये, पुढे डाग पडू नयेत म्हणून. गोरं दिसण्यासाठी म्हणून तिच्या हातात ते कधीच देऊ नका. सराव चारला असेल तर मार्चनंतर पावणेचारला लावू दे, बोटांच्या त्याच मापानं, आणि कानाच्या पाळ्या व मानेची मागची बाजू विसरू नये. खो-खोत वाकून पळताना तीच सगळ्यात आधी भाजते. पाचनंतर सराव सुरू होत असेल आणि तिची सावली तिच्याहून लांब पडत असेल तर एखाद दिवशी राहिलं तरी चालेल. आत्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलीच्या देखत सांगा. तिनं ऐकायला हवं.

एक काळजीची गोष्ट उरली. तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते, कारण वांग असलेल्या दहा जणींत निदान काहींच्या पर्समध्ये ती निघते: दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली "डागांची क्रीम". त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. पंधरा दिवस चेहरा उजळतो, मैत्रिणी विचारतात, आपण आणखी एक ट्यूब आणतो. मग त्वचा पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात, चूल पेटवली तरी चेहरा भडकतो, आणि क्रीम थांबवलं की वांग पूर्वीपेक्षा गडद होऊन परत येतो. असे चेहरे मी फार पाहिलेत आणि दर वेळी जीव तुटतो. तुमच्याकडे असं काही असेल तर एकदम फेकूनही देऊ नका. कुठल्याही त्वचातज्ज्ञाला दाखवा, हळूहळू सोडवावं लागतं. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यांनीही वांग वाढतो. वांगाची औषधं वेगळी आहेत आणि ती लागतील. सनस्क्रीन त्यांचं काम टिकवून धरतं, एकटं डाग पुसत नाही. टिंटेड नीट लावायला लागल्यावर तीन महिने तरी आरशाशी वाद घालू नका.

जूनमध्ये शाळा पूर्ण दिवसाची होईल, तेव्हा वेळा बदला. सकाळी निघण्याआधीचं पहिलं लावणं मग खरं महत्त्वाचं, आणि दुसरं एकच्या सुमारास, डबा खाऊन झाल्यावर, कारण मैदानावरची तुमची देखरेख तेव्हा असेल. आभाळ आलंय म्हणून सोडू नका, पातळ ढगांतून अतिनील किरण बऱ्यापैकी येतात. आणि जुलै संपता-संपता सूर्य परत आपल्या डोक्यावरून जातो, तो ढगांमुळे कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच. कपाटातली ती पांढरी ट्यूब टाकू नका. पायात सँडल घालता ना, पावलांच्या पाठीवर लावून संपवा.